संडास मागच्या अंगणात, टब भिंतीवर टांगलेला : तुमचे प्रश्न

मागच्या अंकात ओघात लिहून गेलो होतो की रिटायर झाल्यापासून मला एक नाद लागलाय, इंग्लंडमधल्या छोट्या गावांचे १९४५ ते १९६५ च्या सुमाराचे आरोग्य अधिकाऱ्यांचे वार्षिक रिपोर्ट वाचायचा, आणि त्यात राणी-राजवाडे काही नसतं, किती संडास बदलले, किती ठिकाणी उंदीर मारले, दुधाचे किती नमुने नापास झाले एवढंच असतं. म्हटलं कोण वाचतंय असलं. तर पत्रं आणि मेसेज मिळून एवढं आलं की संपादक म्हणाले आता एक अख्खा अंक तुम्हीच निस्तरा. माझी सगळी नोकरी नगरपालिकेत स्वच्छता निरीक्षक म्हणून गेली त्यामुळे असल्या आकड्यांत मला माणसं दिसतात, घरचे म्हणतात तुम्हाला गटारातच करमतं. असो. एकाच मुद्द्याचे दोन-तीन प्रश्न होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : काका, तुम्ही 'अर्बन डिस्ट्रिक्ट' म्हणता ते नक्की काय? आपली नगरपरिषद का? (सातारा)

उत्तर : जवळपास तसंच, पण तंतोतंत नाही. १८९४ च्या कायद्याने ही अर्बन डिस्ट्रिक्ट कौन्सिलं झाली आणि लंडनभोवतालची १९६५ ला गेली, उरलेली सगळी १ एप्रिल १९७४ ला एका फटक्यात. वर काउंटी कौन्सिल, म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेसारखं समजा, आणि खाली हे गाव. मोठी शहरं वेगळी, त्यांचा कारभार त्यांच्याकडेच. साइज मात्र वाट्टेल ती, कुठे चार-पाच हजार वस्ती, तर लंडनला लागून असलेलं हॅरो १९५१ साली दोन लाखांच्या वर गेलेलं आणि तरी अर्बन डिस्ट्रिक्टच.

प्रत्येक गावाला एक आरोग्य अधिकारी नेमायचं बंधन १८७० च्या दशकापासूनच होतं. पण छोट्या गावाला पूर्ण वेळ डॉक्टर कुठून परवडणार, म्हणून एकच डॉक्टर तीन-चार गावांना मिळून असायचा आणि वर काउंटीच्या शाळा तपासायचं कामही त्याच्याच गळ्यात. मग रोजची पायपीट कोण करणार? सॅनिटरी इन्स्पेक्टर, म्हणजे आपला स्वच्छता निरीक्षक, एसआय. कित्येक ठिकाणी कचऱ्याच्या गाड्याही तोच बघायचा.

५ जुलै १९४८ ला त्यांची सरकारी आरोग्य सेवा सुरू झाली, आणि इथे एक गंमत आहे. सगळं जग त्या सेवेचं कौतुक करतं, पण गावपातळीवर बघितलं तर तिने गावाच्या हातातून कामं काढून घेतली. बाळ-बाळंतिणीचे दवाखाने, लसीकरण, घरी जाणाऱ्या नर्सबाया, सगळं काउंटीकडे गेलं. गावाकडे उरलं काय तर गटार, पाणी, कचरा, घरं, दूध, मटण, उंदीर, धूर आणि साथीच्या रोगाची नोंद. म्हणजे ज्याचा फोटो काढायला कोणी येत नाही ते सगळं. आणि माझं मत विचाराल तर आयुष्य वाढवणारी अर्धी कामं याच यादीत आहेत, पण मी पडलो एसआय, मी दुसरं काय म्हणणार.

१९५६ साली खास कायदा करून त्यांनी सॅनिटरी इन्स्पेक्टरचं नाव पब्लिक हेल्थ इन्स्पेक्टर केलं, कारण आधीचं नाव ऐकलं की लोकांना फक्त तुंबलेलं गटार आठवायचं. आपल्याकडे १९२६ साली मुंबईत सुरू झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था त्यानंतरही 'सॅनिटरी इन्स्पेक्टर' याच नावाने डिप्लोमा देत राहिली, माझाही तोच.

बाय द वे, रिपोर्टच्या पहिल्याच पानावर एक आकडा असतो तो चुकवू नका, 'एका पेनीच्या पट्टीचं उत्पन्न'. घरपट्टी घराच्या ठरवलेल्या वार्षिक किमतीवर, दर पौंडाला इतके शिलिंग-पेन्स अशी लागायची, तर पट्टी पौंडामागे एक पेनीने वाढवली तर गावाच्या तिजोरीत किती येईल तो हा आकडा. गिरणी-खाणीच्या गावात तो एवढासा. डॉक्टरने पुढे वीस पानं कितीही कळकळीने लिहू दे, हा आकडा बघितला की त्यातलं काय होणार आणि काय नुसतं कागदावर राहणार ते कळतं.

प्रश्न : माझ्या भाच्याने उत्तर इंग्लंडमध्ये बर्नलीजवळ जुनं चाळीसारखं घर घेतलंय. मागच्या अंगणात विटांची एक छोटी खोली आहे, आत खाली खोल विहिरीसारखं भोक, टाकी नाही, साखळी नाही. शेजारचे आजोबा म्हणाले 'टिपलर'. हे काय प्रकरण? (नाशिक)

उत्तर : भाच्याला सांगा, बुजवू नको, आधी भरपूर फोटो काढ! अहो ही वस्तू आता दुर्मिळ.

आधी मागचं सांगतो म्हणजे कळेल. त्या भागात एकोणिसाव्या शतकात गिरणी कामगारांसाठी ओळीने घरं बांधली, पाठीला पाठ किंवा मध्ये एक बोळ. संडास अंगणाच्या टोकाला. सुरुवातीला खड्डा, त्यातच चुलीची राख टाकायची आणि मागच्या बोळातून एक झडप उघडून महिन्यातून कधीतरी फावड्याने उपसायचं. मग आली बादली, बसायच्या फळीखाली बादली ठेवायची आणि ती आठवड्याला बदलायची. रॉचडेल गाव तर या बादली पद्धतीसाठी १८७० च्या सुमाराला प्रसिद्ध होतं. मग पाण्याचा संडास आला, पण पाण्याला पैसे पडतात, आणि अंगणातल्या टाकीचं पाणी थंडीत गोठून पाइप फुटतो. यावर लँकेशायरच्या लोकांनी डोकं चालवलं, ते म्हणजे हा टिपलर.

स्वयंपाकघरातल्या सिंकचं खरकटं पाणी आणि पावसाचं पाणी अंगणाखालच्या पाइपमधून एका भाजलेल्या मातीच्या पात्रात पडतं. पात्र असं तोललेलं असतं की भरलं की आपोआप कलंडतं, आणि ते सगळं पाणी धाडकन एकदम संडासच्या तळातून वाहत जातं आणि घाण गटारात ढकलतं. रिकामं झालं की पात्र परत सरळ. मोरीतल्या रांजणाला कोणी झोकांडी दिली तर जसं होईल तसं. म्हणजे भांडी घासल्याशिवाय फ्लश नाही! फुकटचं पाणी, गोठायची भीती कमी, बिघडायला काही नाही. पाणी अडवणारा वाकडा पाइप बैठकीखालीच नसून कित्येक फूट खाली, त्यामुळे वरून बघितलं तर नुसती अंधारी विहीर. आणि कधी कलंडेल याचा नेम नाही, तुम्ही बसलाय आणि खाली एकदम गडगडाट. पोरं जाम घाबरायची, आणि वरून काय पडेल ते परत मिळायचं नाव नाही.

सोमवारी कपडे धुवायचा दिवस, त्या दिवशी फ्लश जोरात, सुट्टीत घर बंद असलं की अजिबात नाही, म्हणून इन्स्पेक्टर लोकांना ते आवडायचं नाही. १९५० च्या दशकातही तिकडच्या गावांत हे चालूच होते, आणि रिपोर्टमध्ये दरवर्षी टेबल असतं, बादलीचे इतके उरले, राखेचे इतके, सांडपाण्याचे इतके, ताज्या पाण्याचे इतके. पाच-दहा वर्षांचे रिपोर्ट शेजारी ठेवून ते एकच टेबल वाचा, सिनेमाच आहे तो. १९३६ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात एक शहाणं कलम होतं, की गटार आणि पाणी पोचत असेल तर कौन्सिल मालकाला जुना संडास बदलायची नोटीस देऊ शकतं पण अर्धा खर्च कौन्सिलने सोसायचा. मी आयुष्यभर नोटिसा वाटल्यात, तुम्हाला सांगतो, त्या 'अर्धा' या शब्दाने जे काम होतं ते दहा नोटिसांनी होत नाही. पण परत तीच पेनीची गोष्ट, अर्धा द्यायलासुद्धा गावाकडे पैसे हवेत, आणि कौन्सिलवर निवडून आलेल्यांमध्ये घरमालक असले की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

प्रश्न : त्या बादल्या उचलत कोण होतं? तिकडेही आपल्यासारखी जात होती का या कामाला? (एक ताई, ठाणे)

उत्तर : ताई, हाच प्रश्न मला पहिला रिपोर्ट वाचताना पडला होता. कामाला हीन समजायचे, वासामुळे लोक तोंड फिरवायचे, काम रात्रीचं म्हणून त्या मैल्याला आणि त्या माणसांनाही 'रात्रीची' म्हणायची पद्धत. पण जन्माने बांधलेलं नव्हतं. बाप ते काम करतो म्हणून पोराला तेच करावं लागेल असं नाही, आणि युद्धानंतर कारखान्यांत भरपूर नोकऱ्या निघाल्या तशी माणसं ते काम सोडून चालती झाली. मग कौन्सिलची पंचाईत, बादल्या उचलायला माणूसच मिळेना, आणि जिथे माणूस मिळेना तिथे पाण्याचे संडास पटापट करायला लागले. म्हणजे माणूस 'नाही' म्हणू शकला म्हणून बादली गेली. आपल्याकडे त्याच काळात मुंबई राज्य सरकारने १९४९ साली बर्वे समिती नेमली होती सफाई कामगारांची स्थिती बघायला, तिचा अहवाल १९५२ चा, आणि कणकवलीला गोपुरी आश्रमात गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धन स्वतः हातात घमेलं घेऊन सोप्या संडासाचे प्रयोग करत होते. टोपलीचा संडास आपल्याकडे त्यानंतरही किती वर्षं राहिला ते माझ्या पिढीने बघितलंय. 'नाही' म्हणायची सोय नव्हती ना इथे.

प्रश्न : माझी नणंद इंग्लंडला असते, ती दूध तापवतच नाही, पाकिटातून सरळ पिते. पूर्वीपासून तसंच का? भीती नाही वाटत? (कोल्हापूर)

उत्तर : काकू, पूर्वीपासून तसंच, आणि म्हणूनच तर मेले! आपल्याकडे दूध आलं की पातेलं गॅसवर, साय धरेपर्यंत, ही आपल्या आज्यांनी नकळत केलेली मोठी आरोग्यसेवा आहे. इंग्रजांमध्ये तापवायची सवय नाही, चव बदलते म्हणून. गाईंना क्षय असायचा, तो दुधातून पोरांच्या गळ्याच्या गाठींत, पोटात, हाडांत उतरायचा, कुबड यायचं. १९३० च्या दशकात गाईच्या क्षयाने तिकडे वर्षाला दोन हजारांच्या घरात माणसं जात होती असा अंदाज सांगतात, त्यातली बरीच लहान मुलं.

मग दोन बाजूंनी काम झालं. एक म्हणजे डेअरीत पाश्चरायझेशन आणि दुसरं म्हणजे गोठ्यात गाईंची ट्यूबरक्युलिन टेस्ट, जी गाय पॉझिटिव्ह ती काढायची. जिल्ह्यामागून जिल्हे साफ करत करत १ ऑक्टोबर १९६० ला सगळं ब्रिटन या योजनेखाली आलं. आणि शेतकरी सुरुवातीला चांगलेच कुरकुरत होते बरं का, ताज्या कच्च्या दुधात ताकद असते वगैरे, तुम्ही आजही व्हॉट्सॲपवर वाचता तेच.

आता इन्स्पेक्टर काय करायचा, तर पहाटे दूधवाल्याची गाडी रस्त्यात थांबवून बाटली उचलायची. मला यातली फॉस्फटेज टेस्ट फार आवडते. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचा एक घटक असतो, क्षयाचा जंतू मरायला जेवढी उष्णता लागते त्यापेक्षा जराशी जास्त उष्णता मिळाली की तो नष्ट होतो. म्हणजे जंतू शोधत बसायची गरजच नाही, तो घटक शिल्लक सापडला की समजायचं दूध नीट तापलेलं नाही किंवा नंतर कुणीतरी कच्चं मिसळलंय. चोर न पकडता चोरी पकडली. दुसरी निळ्या रंगाची टेस्ट, मिथिलीन ब्लू दुधात टाकायचा, जंतू जेवढे जास्त तेवढा निळा रंग लवकर उडतो, घड्याळ लावून बसायचं.

तीच निळी टेस्ट आइस्क्रीमला. आइस्क्रीमची भानगड वेगळीच आहे, युद्धात बंदी होती, मग युद्ध संपल्यावर जो तो घरच्या शेडमध्ये बनवायला लागला. १९४६ साली वेल्समध्ये ॲबरिस्टविथ गावात एका आइस्क्रीमवाल्यामुळे टायफॉइडची साथ आली, दोनशेच्या आसपास लोक आजारी, तो स्वतः बरा दिसत होता पण अंगात जंतू बाळगून होता. १९४७ ला लगेच नियम निघाला, मिश्रण १५० अंश फॅरनहाइटला अर्धा तास किंवा १६० ला दहा मिनिटं तापवायचं आणि दीड तासात ४५ अंशांपर्यंत थंड करायचं. रिपोर्टमध्ये मग आइस्क्रीमचे ग्रेड येतात एक ते चार, शाळेच्या निकालासारखे. त्यामुळे नणंदबाईंना पिऊ दे सरळ. तुम्ही मात्र सुट्टं दूध घेत असाल तर पातेलं सोडू नका.

प्रश्न : सर, इंग्लंडने आपल्यावर राज्य केलं आणि त्यांच्याच घरात बाथरूम नव्हतं हे खरं का? (पुणे)

उत्तर : खरं आहे, चहा पिता पिता सांगायला छान आहे म्हणून खोटं समजू नका. १९५१ च्या जनगणनेत त्यांनी पहिल्यांदाच घरोघर विचारलं, नळ आहे का, शेगडी आहे का, सिंक आहे का, संडास आहे का, बसवलेला टब आहे का. इंग्लंड-वेल्समध्ये एक तृतीयांशाहून जास्त कुटुंबांकडे टब नव्हता. जस्ताचा टब अंगणातल्या भिंतीला खिळ्यावर टांगलेला, शनिवारी आत आणायचा, चुलीपुढे ठेवायचा, आणि त्याच पाण्यात एकामागून एक सगळं घर.

पण हसण्याआधी दुसरी बाजू ऐका. त्याच बायका दारातली पायरी रोज घासून तिला दगडाने पांढरी-पिवळी कड काढायच्या. तो दगड मिळायचा भंगारवाल्याकडून, जुन्या चिंध्या द्यायच्या आणि दगड घ्यायचा, थेट आपली बोहारीण. तर अशी लख्ख पायरी असलेल्या घरात एक दिवस इन्स्पेक्टर यायचा, भिंतीला हात लावून ओल बघायचा, जिना मोजायचा, पाठीमागे खिडकी नाही म्हणून लिहून घ्यायचा, आणि काही महिन्यांनी कळायचं की घर 'माणसाला राहायला अयोग्य'. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून झोपडपट्टी हटाव परत जोरात सुरू झालं तेव्हाची ही गोष्ट. नकाशात अयोग्य घरं गुलाबी रंगवायची, आणि घरं चांगली पण जागा मोकळी करायला हवी अशी राखाडी. गुलाबी म्हणजे मालकाला फक्त जागेचे पैसे, घराचे शून्य. त्यामुळे रंगावरून केवढी भांडणं. आणि भाडेकरू बाई म्हणणार, माझ्या घरात किडा नाही मुंगी नाही आणि हा बाबा अयोग्य म्हणतो म्हणजे माझ्या तोंडावर मला घाणेरडी म्हणतो. इन्स्पेक्टर सांगून थकायचा की बाई तुम्ही नाही, भिंत अयोग्य. मी हा संवाद मराठीत किमान पन्नास वेळा केलाय.

मालक वाईट होते का? होतेही. पण भाडी १९१५ पासून या ना त्या कायद्याने बांधलेली, आठवड्याला मोजके शिलिंग, त्यात छप्पर कोण शाकारणार. गिरगावात ज्यांनी दिवस काढलेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. शेवटी १९५९ ला सरकारने ठरावीक अनुदान काढलं, पाच गोष्टींसाठी : टब किंवा शॉवर, हात धुवायचं बेसिन, गरम पाणी, संडास आणि अन्न ठेवायची जागा. आज जुन्या घरात मागच्या बाजूला चिकटवलेली ती बुटकी बाथरूम दिसते ना, त्यातल्या कित्येक या पैशातून झाल्यात.

प्रश्न : आमच्या चंद्रपूरला धुराचा त्रास तुम्हाला माहीत आहे. लंडनच्या १९५२ च्या धुक्यानंतर कायदा झाला म्हणतात, मग धूर लगेच गेला का? (चंद्रपूर)

उत्तर : लगेच कुठला. ५ ते ९ डिसेंबर १९५२ त्या धुरक्यात लंडनला तेव्हाच्या हिशोबाने चार हजार जास्तीचे मृत्यू झाले, पुढच्या अभ्यासकांनी बारा हजारांपर्यंत नेलेत. दुर्दैव असं की नेमका त्याच महिन्याच्या सुरुवातीला हलका चुरा कोळसा रेशनमधून मोकळा केला होता, चांगला कोळसा एक्स्पोर्टला. १९५६ ला क्लीन एअर ॲक्ट आला. त्यात पहिल्यांदाच कारखान्याबरोबर घरच्या चुलीलाही हात घातला. कौन्सिलने एखादा भाग धूरबंद जाहीर करायचा, तिथे साधा कोळसा बंद, कोक (म्हणजे भाजून धूर काढून टाकलेला कोळसा) किंवा गॅस किंवा वीज, आणि शेगडी बदलायच्या खर्चाचा दहापैकी सात हिस्सा परत.

पण जाहीर कोणी करायचा तर त्याच छोट्या कौन्सिलने. आणि खाणीच्या गावात खाण कामगाराला पगाराचा भाग म्हणून कोळसा मिळायचा, दारात ढीग ओतून जायचे. त्याला सांगणार की बाबा तुझा फुकटचा कोळसा बंद, आता विकतचा कोक आण? कौन्सिलवर बसलेलेही खाणीतलेच. त्यामुळे जिथे धूर सगळ्यात जास्त तिथेच कायदा सगळ्यात हळू गेला. आरोग्य अधिकारी दरवर्षी काजळीचे आकडे छापायचा आणि कौन्सिल दरवर्षी 'नोंद घेतली' म्हणायचं. तुमच्याकडचं सगळं मला माहीत नाही दादा, पण 'नोंद घेतली' हे मी ओळखतो.

प्रश्न : त्या काळी लसीला लोकांचा विरोध होता का? (मिरजेचे एक सर)

उत्तर : सर, विरोधापेक्षा आळस जास्त. घटसर्प बघा. १९४० ला इंग्लंड-वेल्समध्ये ४६,२८१ केसेस आणि २,४८० मृत्यू. मोहीम काढली, आणि १९५७ ला केसेस ३७, मृत्यू ६. मग काय झालं तर नवीन आयांनी घटसर्प बघितलाच नाही, त्यामुळे त्यांना वाटायला लागलं कशाला टोचायचं. १९५० च्या दशकातले डॉक्टर रिपोर्टमध्ये अक्षरशः वैतागलेत यावर, आपलंच यश आपल्याला नडतंय म्हणून.

पोलिओचं उलट. १९४७ ला साडेसात हजारांच्या वर केसेस झाल्या, उन्हाळा आला की पोहण्याच्या तलावावरून आई-बापांच्या पोटात गोळा. १९५६ पासून लस आली, तरुणांसाठी खुली झाली तरी ते फिरकेनात. १९५९ च्या एप्रिलमध्ये बर्मिंगहॅम सिटीचा, इंग्लंडकडून खेळलेला जेफ हॉल पोलिओने गेला, वय फक्त २९, आणि पुढच्याच काही दिवसांत दवाखान्यांबाहेर अशा रांगा लागल्या की लस पुरेना. जे काम पोस्टरने होत नव्हतं ते एका फुटबॉलपटूच्या मरणाने झालं, लिहितानाही कसंतरी वाटतं.

प्रश्न : माझे सासरे १९६६ ला लेस्टरशायरमध्ये आले. पंधरा दिवसांत एक बाई वही घेऊन दारात, नाव-गाव विचारून छातीचा एक्सरे काढा म्हणाली. ते अजून म्हणतात पोलिसांनी पाळत ठेवली होती. (लेस्टर)

उत्तर : पोलीस नव्हते हो. १९६५ पासून अशी पद्धत सुरू झाली की जास्त दिवस राहायला येणाऱ्यांचा पत्ता विमानतळावरून किंवा बंदरावरून त्या गावाच्या आरोग्य अधिकाऱ्याला कळवायचा, आणि मग तिथून कोणीतरी जाऊन सांगायचं की डॉक्टरकडे नाव घाला, एक्सरे काढा. क्षयाच्या भीतीने. १९६२ च्या जानेवारीत ब्रॅडफर्डला कराचीहून आलेल्या एका लहान मुलीपासून देवीची साथ निघाली होती, तेव्हापासून वातावरण तापलेलंच होतं.

पण सासऱ्यांना वाटलं ते अगदीच चूक म्हणणार नाही मी. एका घरात दहा-बारा जण, पाळीपाळीने झोपणारे, अशी घरं तपासायला १९६१ च्या कायद्याने इन्स्पेक्टरला नवे अधिकार मिळाले, आणि कुणी ते माणुसकीने वापरले, कुणी नाही. रिपोर्ट वाचताना एका पानावर डॉक्टर लिहितो की या लोकांना दमट, कोंदट खोल्या मिळतात आणि क्षय इथे आल्यावर लागतो, दुसऱ्या गावाचा डॉक्टर लिहितो की हे लोक रोग घेऊन येतात. काळ तोच. सासऱ्यांच्या दारात आलेली बाई यातल्या कुठल्या डॉक्टरची होती कोण जाणे. एक्सरे काढला का त्यांनी, ते लिहिलंच नाही तुम्ही.

प्रश्न : मुलाने लंडनच्या जुन्या बाजारातून डब्याचं एक जाड झाकण आणि डबा आणलाय, झाकणावर इंग्रजीत 'गरम राख टाकू नका' असं उठावात आहे. हे काय? मी त्यात तुळस लावू का? (डोंबिवली)

उत्तर : तो कचऱ्याचा डबा आहे काकू. तिकडच्या कचऱ्यात तेव्हा निम्मी राखच, म्हणून नावसुद्धा धुळीचा डबा. चुलीतली राख धगधगती टाकली की आतले कागद पेटायचे, म्हणून आधी पत्र्याचे डबे होते, पुढे रबर-प्लॅस्टिकचे आले तसं हे वाक्य झाकणावर आलं. धूरबंदीनंतर राख कमी झाली आणि कागद-खोकी वाढली, वजन उतरलं पण गाड्या लवकर भरायला लागल्या, कौन्सिलची नवीनच डोकेदुखी. आणि हा डबा विकत कोणी घ्यायचा, मालकाने की भाडेकरूने, यावर माणसं कोर्टात जायची हो! १९३६ च्या कायद्यात कौन्सिल 'मालक किंवा राहणारा' यांपैकी कोणालाही सांगू शकत होतं, मग जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. शेवटी कंटाळून कित्येक कौन्सिलांनी स्वतःच डबे दिले आणि वर्षाला थोडे पैसे लावले.

तुळस लावा बिनधास्त. फक्त तळाला चार भोकं पाडा, नाहीतर पाणी साचून डास होतील आणि तुमच्या वॉर्डातला एसआय नोटीस घेऊन येईल.